अनसाक्काच्या लिव्हरातला भिवा

अनसाक्का आमच्या घरी आली की आधी पदर खोचायची, मग भिंतीला टेकून बसायची आणि मग हुकूम सोडायची, "मास्तरीन, कपबशी काढ. च्या नगं, कोमट पानी वत."

सुरुवातीला मला हा निव्वळ चावटपणा वाटला. पाणी प्यायचं तर घरात तांब्या आहे, फुलपात्र आहे. पण नाही. कपातलं पाणी ती बशीत ओतणार, त्यावर फुंकर घालणार, फुर्र करून पिणार आणि वर "झाक झालाय" असं सर्टिफिकेट देणार. आमच्या भागात कुणाच्या घरी जाऊन चहा न घेता उठणं म्हणजे त्या घराची बेअब्रू. पित्त आहे, उपास आहे, आत्ताच घेतला, यातलं एकही कारण चालत नाही. "आमच्या घरचा च्या कडू लागतूया व्हय?" असं कुणी विचारलं की विषय संपला. डॉक्टरांनी साखर बंद केल्यावर अनसाक्काने त्यावर हा तोडगा काढला होता. कपबशी धुवायला पडली की घराचा मान राहिला, असा तिचा हिशेब होता.

मी मूळची वाईची. लग्न होऊन विट्याजवळच्या या गावात आले आणि इथल्याच हायस्कुलात इतिहास शिकवायला लागले. शेजारचं घर अनसाक्काचं. ठेंगणी, जाडजूड, आवाज असा की ती आमच्याशी गप्पा मारत असली तरी वेशीपर्यंत कळायचं काय चाललंय ते. तिला अहोजाहो केलेलं खपत नसे. "मी काय कलेक्टर हाय?" असं म्हणायची. नवरा पलटणीतून हवालदार होऊन परतलेला, मुलगा सेलमला सोनं गाळायच्या दुकानात. गावातली बहुतेक तरणी पोरं अशीच, गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली. कालव्याचं पाणी आल्यावर अनसाक्काने ऊस लावला आणि नवऱ्याच्या मागे स्वतःचं गुऱ्हाळ उभं केलं. मनगटावर हवालदाराचं बंद पडलेलं घड्याळ असायचं. वेळ विचारली की घड्याळाकडे बघायची आणि मग मान वर करून उन्हाकडे बघून सांगायची.

हवालदारकाकांची एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ती तिच्यावर उलटली. काकांना मिलिटरी कँटीनचा कोटा होता. स्वतः पीत नसत, पण हक्काचं सोडायचं नाही म्हणून रमच्या बाटल्या आणत. अनसाक्का ती रम बैलांच्या खांद्यांना चोळायची. जू ओढून सुजलेले खांदे, त्यावर फौजी मालीश. "सरकारनं बैलास्नीबी पेन्शन दिलिया," असं म्हणत ती बाटली रिकामी करायची. सगळं गाव हे बघत होतं आणि हसत होतं.

दारूशी तिचं खरं भांडण लागलं ते मारुतीमुळे. मारुती तिच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या, म्हणजे उकळता पाक नेमका कधी उतरवायचा ते ठरवणारा कारागीर. हाताला जादू होती त्याच्या. पण दिवस कलला की तो जालिंदरच्या देशी दारूच्या दुकानाकडे वळायचा. एका संध्याकाळी पिऊन आला, पाकाच्या मोठ्या कढईच्या, काहिलीच्या काठावर त्याचा झोक गेला आणि उजवा हात कोपरापर्यंत पाकात बुडाला. उसाचा पाक पाण्यासारखा निथळत नाही, कातडीला धरून बसतो. अनसाक्काने त्याला विट्याच्या दवाखान्यात नेलं. परतली ती घरी न जाता थेट जालिंदरच्या दुकानासमोर उभी राहिली. लुगड्याला पाक लागलेला, केस सुटलेले.

"जालिंदर," ती म्हणाली, "तुजी बाटली आडवी न्हाई केली तर नाव लावनार न्हाई."

जालिंदर हसला. तो स्वतः दारूच्या थेंबाला शिवत नसे आणि त्याचा त्याला मोठा अभिमान होता. पांढरंशुभ्र कपडे घालून गल्ल्यावर बसायचा.

गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर आपल्याकडे बायकांचं मतदान मागता येतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. मेख अशी की आडव्या बाटलीला यादीतल्या सगळ्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. जी बाई आलीच नाही, तिचं मत आपोआप जालिंदरच्या खिशात. आणि आमच्या गावच्या कितीतरी सुना नवऱ्यांबरोबर सेलमला, कोचीला, पाटण्याला. जालिंदर हसला तो त्यामुळे.

मतदान मागायला आधी सह्या लागतात. त्यासाठी अनसाक्का दारोदार फिरली. आमच्याकडची बाई कागदावर काय लिहिलंय ते बघून सही करत नाही, आलेल्या बाईने आपल्या घरचा चहा घेतला का ते बघते. तेव्हा प्रत्येक घरात चहा. एकाच घरात दोन चुली झाल्या असतील तर थोरलीचा वेगळा आणि धाकटीचा वेगळा, नाहीतर एकीची सही गेली. पाहुणीचा चहा म्हणजे साखर सढळ हाताने. शिवाय गुऱ्हाळावर प्रत्येक काहिलीचा गूळ चाखायचा, भाकरीबरोबर काकवी खायची, हे वर्षानुवर्षं चालूच होतं. सह्यांच्या त्या दोन हंगामांत तिचं पोट सुटलं, धाप लागायला लागली, दुपारची गुऱ्हाळावरच आडवी होऊ लागली. मी हटकलं की म्हणायची, "सह्या भरू देत गं, मग मी हाय आन माजं पोट हाय."

शेवटी मीच तिला एसटीत घालून सांगलीला नेलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, लिव्हर किती कडक झालंय ते मोजणाऱ्या मशीनखाली तिला झोपवलं. डॉक्टरीण तरुण होती, माधवनगरची. रिपोर्ट बघून तिने पहिला प्रश्न विचारला, "आजी, दारू किती घेता?"

अनसाक्का एवढ्या मोठ्यांदा हसली की बाहेर बसलेली माणसं दारातून डोकावली. "बाई," ती म्हणाली, "दारूसंगं माजं भांडान हाय, सोयरीक न्हाई."

डॉक्टरीणही हसली आणि तिने समजावून सांगितलं. लिव्हरमध्ये चरबी साठलेली आहे. साखर, वजन, मधुमेह, काही घराण्यातलं, सगळ्यांनी हातभार लावलाय. पण नुसती चरबी असती तर एवढं बिघडलं नसतं. शरीराची राखण करणाऱ्या पेशी असतात, जंतू आले की त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या. त्यातल्या काही कायम लिव्हरमध्येच पहाऱ्याला असतात. चरबीने फुगलेल्या पेशी फुटायला लागल्या की या पहारेकऱ्यांना वाटतं शत्रू शिरला. ते चवताळतात, रक्तातून आणखी कुमक बोलावतात. शत्रू तर नसतोच, मग मार बसतो तो लिव्हरलाच. जखम होते, ती भरते, पुन्हा होते, आणि वण साठत साठत लिव्हर कडक होतं.

अनसाक्का भुवया चढवून ऐकत होती. मग एकदम माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "आगं, ह्यो तर आपला भिवा!"

भिवा हा तिच्या उसाचा राखणदार होता. रानडुकरं यायची म्हणून ठेवलेला. प्रामाणिक माणूस, डोळ्याला डोळा न लावता बांधावर बसायचा. एकदा उसात सळसळ झाली. भिवाने डुकरं हाकलायला पेटता टेंभा घेतला आणि त्वेषाने आत शिरला. खालच्या वाळल्या पाचटाने पेट घेतला आणि डुकरांचं राहिलं बाजूला, उभा ऊस जळून गेला. आग लागताच आतून बाहेर पळाली ती शेजारची चुकलेली कालवड. भिवा मात्र छाती काढून सांगत होता, "आक्का, एकबी डुक्कर टिकू दिलं न्हाई!"

डॉक्टरीणबाईंना हा किस्सा इतका आवडला की त्यांनी पुढच्या सगळ्या भेटींत भिवाचीच चौकशी केली.

"मंग हाकला की त्याला," अनसाक्का म्हणाली. "एक गोळी द्या आन भिवाला रजंवर धाडा."

"तसं करता येत नाही, आजी. तो गेला तर खरी डुकरं येतील. साधा खोकलासुद्धा भारी पडेल. तो कशावर खवळलाय ते काढून घ्यायचं. चरबी कमी करायची. साखर बंद, गूळ बंद, चालणं रोज. वण ताजे असतात तोवर लिव्हर सावरतं. तुमचे बरेच जुने आहेत, पण आहे तेवढं तरी राखू."

अनसाक्काने मान डोलावली. मग तिने विचारलं, "आन दारुड्याच्या लिव्हरात निराळा राखनदार असतुया व्हय?"

"नाही, तोच. चरबी दारूने आली का साखरेने, त्याला काही फरक पडत नाही. कधीकधी सूक्ष्मदर्शकाखाली बघून आम्हालाही सांगता येत नाही. म्हणून तर पहिल्यांदा तेच विचारलं."

परतीच्या एसटीत ती विट्यापर्यंत गप्प होती. अनसाक्का गप्प बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, त्यामुळे मला भीती वाटली. मला वाटलं ती घाबरली. ती घाबरली नव्हती, विचार करत होती.

दुसऱ्या दिवसापासून तिने गूळ चाखणं सोडलं. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी करायची आणि ती काहिलीच्या काठावर मारायची. टण् वाजली की पाक झाला. जळक्या हाताचा मारुती शेजारी उभा राहून डाव्या हाताने खूण करायचा. तोंडाला चव न लावता तिने तो हंगाम काढला आणि तिचा गूळ नेहमीसारखाच पिवळाधमक निघाला.

नातेवाइकांनी मात्र तिला भंडावून सोडलं. करोनापासून प्रत्येकाच्या घरात प्रतिकारशक्ती वाढवायचा काहीतरी काढा, भुकटी किंवा बाटली असतेच. ते सगळं तिच्या ओट्यावर येऊन पडायला लागलं. तिची नणंद फलटणहून एका बुवाचा काढा घेऊन आली. अनसाक्काने तिला शेजारी बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "वन्सं, माजी शक्ती कमी पडली न्हाई, लय झालिया. भिवा आधीच टेंभा घिऊन नाचतूया. तुमी आनिक त्याच्या हातात रॉकेल देऊ नगा." नणंद रुसून गेली. काढा अनसाक्काने लिंबाच्या मुळाशी ओतला.

पण लिव्हर हा शब्द गावात फुटला होता. आमच्या गावात लिव्हर गेलं म्हणजे दारूने गेलं, याला दुसरा अर्थच नाही. मतदानाची मागणी मंजूर होऊन तारीख पडायच्या बेतात होती आणि जालिंदरला आयतं कोलीत मिळालं. स्टँडवर उभा राहून तो म्हणाला, "हवालदाराच्या बाटल्या काय बैलानं पिल्या व्हय रं गड्या?" ज्यांनी बैलांची मालीश डोळ्यांनी बघितली होती तेही हसले. ज्या बायकांनी सह्या दिल्या होत्या त्या रस्त्यात तिला बघून पदर सावरायला लागल्या. आणि ही चहाही घेत नाही म्हटल्यावर, तोंडाला वास येत असेल म्हणून जवळ बसत नाही, अशीही एक आवई उठली. कपबशीतलं कोमट पाणी सुरू झालं ते तेव्हापासून.

माझं डोकं फिरलं होतं. मी म्हटलं, "आक्का, मी सांगलीहून डॉक्टरांचं लेखी आणते, की ही बाई दारू पीत नाही."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वर्गात फळा पुसायला विसरले होते. "कशापायी?" ती म्हणाली. "मी काय जामिनावर सुटलिया?"

मतदानाआधी बायकांची ग्रामसभा भरली. शाळेच्या पटांगणात, कारण एवढ्या बायका पंचायतीत मावल्या नसत्या. बाहेर कट्ट्यावर पुरुष, त्यात जालिंदर. अनसाक्का बोलायला उभी राहिली आणि मागून जालिंदरच्या भावजयीने आवाज टाकला, "आक्का, तुमचं लिव्हर कशानं गेलं त्ये सांगा की आदी!"

अनसाक्काचे पाय तेव्हा सुजायला लागले होते. मी खुर्ची पुढे सरकवली, तिने ती पायाने मागे लोटली.

"सांगती की," ती म्हणाली. "मोठ्यांदा सांगती, कट्ट्यावर ऐकू जाऊ दे. माजं लिव्हर नासलंय. तुमी म्हंता मी पिती. बरं, घटकाभर धरून चला, मी पिती. हवालदाराच्या समद्या बाटल्या म्याच रिचवल्या. मंग? ज्या बाईचं लिव्हर दारूनं नासलं, तिनं दुकान बंद करा म्हनू न्हाई व्हय? आगं, पैला शिक्का तिचाच पडाय पायजे!"

तिने श्वास घेतला.

"मी पीत न्हाई, ह्ये माज्या बैलास्नी ठावं हाय. पर आज मी तुमच्या म्होरं त्याची शपथ घेनार न्हाई. मी हितं सोवळी झाली की मारुती ओवळा ठरतूया. हिचा नवरा ओवळा ठरतूया, तिचा ल्योक ठरतूया. दवाखान्यात इचारलंया म्या. माज्या लिव्हरात जो राखनदार खवळलाय, त्योच मारुतीच्या लिव्हरात खवळलाय. त्याला ठावं न्हाई कोन चांगल्या घरचं आन कोन दारुडं. मंग आपल्याला तरी कशाला पायजे? माजं भांडान पिनाऱ्यासंगं न्हवतं कवा. दुकानासंगं हाय."

मग तिने पदर खोचला आणि आवाज बदलला. "आन खरं कशानं नासलं त्ये ऐकायचंय? तुमच्या च्यानं! सह्या मागत फिरली, घरोघर साखर प्याली. एकीचा च्या म्या मागं सारला न्हाई. तवा आता तुमी माजं देनं लागता. समद्याजनींनी यायचं. भाईर गेलेल्या लेकीसुना आनायच्या. न्हाई आली ती, तिच्या घरचा च्या मी वकून टाकला आसं समजंन."

पहिल्यांदा हसली ती मारुतीची बायको. मग सगळं पटांगण हसलं. त्या हसण्यात कितीतरी बायकांनी डोळे पुसले. मीही पुसले, लपवण्यासारखं त्यात काही नाही. शपथ घेऊन तिचं नाव धुतलं गेलं असतं, आणि तीच संधी तिने सगळ्यांसमोर भिरकावून दिली होती. मारुती फाटकाबाहेर उभा होता. तो तिथेच खाली बसला.

जत्रेच्या आठवड्यात मतदान घ्या, असा धोशा तिने तहसील कचेरीत लावला होता आणि तो मान्य झाला. जत्रेला गलाईवाले हटकून गावी येतात. तरीही ती ओट्यावर बसून सेलमला, कोचीला, पाटण्याला फोन लावत होती. "तुज्या सासूचा च्या प्यालिया मी, ध्येनात हाय न्हवं?" एवढंच म्हणायची आणि ठेवून द्यायची. मतदानाच्या दिवशी ती रांगेत उभी राहिली. आजारी म्हणून पुढे जाऊ देत होते, गेली नाही. लांबून आलेल्या सुना प्रवासाच्या साड्यांतच रांगेला लागल्या होत्या. संध्याकाळी बाटली आडवी झाली. हलगी वाजली, गुलाल उडाला, आणि अनसाक्काला मात्र सगळ्यांनी ओट्यावर झोपलेलं पाहिलं, घड्याळ बांधलेला हात उशाशी घेऊन.

दुकान गेल्यावर जालिंदरने त्याच जागेत कोल्ड्रिंक आणि बेकरीचं दुकान टाकलं. अनसाक्का म्हणाली, "ह्यो काय आमच्या लिव्हराचा पिच्छा सोडत न्हाई."

तिने चालणं, पथ्य, सगळं निष्ठेने केलं. वजन उतरलं, साखर ताब्यात आली, भिवा बराच शांत झाला असं डॉक्टरीण म्हणायची. पण जुने वण जुनेच राहिले. पोटात पाणी धरायला लागलं तेव्हा मुलगा तिला सेलमला घेऊन गेला आणि तिथेच ती गेली. मला तिचं शेवटचं दर्शनही झालं नाही. याचा मला अजून राग येतो, आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही. बाटली मात्र तिच्या मागेही आडवीच आहे.

मी तिला शेवटचं पाहिलं ते सांगलीच्या दवाखान्यात, ती सेलमला जायच्या आधी. बाकावर बसून आम्ही नंबरची वाट बघत होतो. भिंतीपाशी एक माणूस टॉवेलने तोंड झाकून उभा होता. शेजारी बायको, हातात सोनोग्राफीचा मोठा लिफाफा. अनसाक्काने त्याच्या पांढऱ्याशुभ्र पँटीकडे बघितलं आणि सबंध कॉरिडॉर दणाणेल अशी हाक मारली, "जालिंदर हाय न्हवं रं त्यो?"

तो चटकन जवळ आला. "आक्का, हळू बोल की. गावाकडचं कुनी आसंल."

"आसू दे. काय झालं?"

त्याने नुसता पोटाच्या उजव्या अंगाला हात लावला. टॉवेल खाली आला होता आणि त्याचा चेहरा पार उतरलेला होता. "आक्का, लेकरांची आन, थेंबाला शिवलो न्हाई कवा. तुला ठावं हाय. पर गावात कळलं तर कोन इस्वास ठेवंल? दारूचं दुकान हुतं माजं."

मला वाटलं आता ही त्याला सोलून काढणार. खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होते. स्टँडवरचं ते बैलांचं बोलणं मी विसरले नव्हते. अनसाक्का बाकावर मला खेटून सरकली आणि पलीकडे जागा केली.

"बस हितं," ती म्हणाली. "मी ठेवती इस्वास. कुनी काय बोललं तर माज्याकडं धाड. मी सांगीन, जालिंदर कवाच पीत न्हवता. नुस्ता इकत हुता."

जालिंदर मान खाली घालून बसला. त्याची बायको तोंडाला पदर लावून रडायला लागली. अनसाक्का त्याला भिवाची गोष्ट सांगू लागली, डुकरांपासून कालवडीपर्यंत, आणि तो ऐकत राहिला. तेवढ्यात आतून तिच्या नावाचा पुकारा झाला. मी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. भिंत धरून ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "आन बाटली परत उभी करायचं मनात आनू नगंस, जालिंदर. मी हाय अजून."